साडूचा अंगठा

दर शनिवारी संध्याकाळी प्लंबर आणि त्याचा साडू बारमध्ये एकाच टेबलावर बिअर प्यायचे आणि लुटुपुटीचं भांडायचे. गेल्या महिन्यात मात्र सासऱ्यांचा नळ कुणी बिघडवला यावरून खरंच जुंपली आणि साडू यायचा बंद झाला. तरी प्लंबरने ग्रुपवर ग्लासाचा फोटो टाकला, की मिनिटभरात साडूचा अंगठा हजर! हा लेकाचा रुसलाय की नाही? प्लंबरचं डोकंच चालेना.

आज प्लंबर बारमध्ये एकटाच बसला असताना साडूनेच फेसाळत्या ग्लासाचा फोटो टाकला. प्लंबरने तो मोठा करून पाहिला. ग्लासामागे एक पाठमोरं टक्कल दिसत होतं. प्लंबरने हळूच स्वतःच्या टकलावरून हात फिरवला.

मागे वळावं? हाक मारावी? शेवटी त्यानेही अंगठा पाठवला.

मागच्याच टेबलावर फोन वाजला.