काठाचे लाल दोरे

"आईले ऑटोत बसवून देल्लं," भावाचा, साहिलचा, फोन आला आणि मोनालीनं घड्याळ पाहिलं. नागपुरात पाचपावलीच्या घरून धरमपेठच्या हॉलपर्यंत जेमतेम अर्धा तास. दुसरी कोणी असती तर हरखली असती. पहिलंच प्रदर्शन, भिंतीवर आपल्या हातचं भरतकाम, लोक येताहेत, वा वा करताहेत. पण या मोनालीबाईनं करून ठेवलं होतं असं काही, की आईशिवाय कोणीही आलेलं तिला चाललं असतं.

तर ऐका. विणकराच्या घरी माग कधी पुरता रिकामा करत नाहीत. लुगडं विणून झालं, कापून उतरवलं, तरी फणीत, म्हणजे ताण्याचे उभे दोरे ओवलेल्या मागाच्या कंगव्यात, हातभर दोरे मुद्दाम सोडायचे. पुढचं सूत आलं की त्याचा एकेक दोरा या जुन्या दोऱ्याला जोडायचा, बोटाला चिमूटभर राख लावून पीळ द्यायचा. मोनालीच्या घरी बाप, ताराचंद, विणायचा. सुताला खळ लावणं आणि दोरे जोडणं हे आईचं, रुखमाबाईचं काम. पुढे माग बंद पडला, लाकूड विकलं गेलं, ताराचंद एका गोदामावर चौकीदार झाला. पण शेवटचं लुगडं उतरवताना त्यानं फणी दोऱ्यांसकट काढून ठेवली. "राहू दे वं, लावला कधी माग तर जोडता येईन," म्हणाला. माग काही लागला नाही आणि ताराचंदही गेला. फणी मात्र आईच्या लोखंडी पेटीत, त्याच्या जुन्या धोतरात गुंडाळलेली, होती तशीच होती.

त्या फणीतले काठाचे लाल दोरे मोनालीनं कापले होते. न विचारता. विसरली वगैरे नव्हती हो, चांगलं ठरवून विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर आई नाही म्हणाली असती, आणि दुकानातल्या दोऱ्यानं तिला आपलं घर कापडावर भरायचं नव्हतं. वर्षभर खपून तिनं एका मोठ्या कापडावर आपलं घर उभं केलं होतं. विणताना पाय सोडायचा मागाखालचा खड्डा, वरची खिडकी आणि खड्ड्यात सोडलेले बापाचे दोन पाय, सगळं त्याच लाल दोऱ्यांनी.

"मॅडम, ते मोठं काम आजच्यापुरतं उतरवू या का?" तिनं प्रियदर्शनी मॅडमना विचारलं. हॉल त्यांचा, प्रदर्शनही त्यांनीच भरवलेलं.

"वेड लागलंय का तुला? लोक तेच बघायला आलेत."

तेवढ्यात आई दारात. ठेवणीतली साडी, पदर नीट डोक्यावर. एकेक काम डोळे बारीक करून बघत ती पुढे सरकू लागली. "बाई वं! हे तूच केलं? इतकं बारीक?" तिचा चेहरा असा फुलला होता की मोनालीला स्वतःची लाज वाटली. आई मोठ्या कापडापाशी आली.

आईनं आधी पाय पाहिले, नवऱ्याचे. हसली. मग हात लावला. एक दोरा चिमटीत धरून अंगठा फिरवला, वाकून वास घेतला, आणि हसू गेलं.

"बजारच्या दोऱ्याले खळ नसते," ती हळूच म्हणाली. "फणी उघडली तुनं?"

"हो."

"इचारलं काहून नाही?"

"तू नाही म्हनली असती."

"अन् मधले पांढरे?"

"ते नाही कापले आई. शप्पथ. ते तसेच आहेत."

आई तिच्याकडे वळली. "म्हंजे काठ तू नेला, अन् पांढरं तेवढं मले ठेवलं."

आईनं वेळ घालवला नाही. कापड भिंतीवरून काढलं, तिथंच फरशीवर मांडी घातली आणि खिडकीचा टाका नखानं उसवायला घेतला. माणसं भोवती जमली. फोन वर झाले. हा प्रदर्शनाचाच भाग समजून कोणीतरी "किती सुंदर कल्पना!" म्हणालं सुद्धा.

"थांबवू नकोस तिला," प्रियदर्शनी मॅडम कानाशी पुटपुटल्या, "काय रंगलंय बघ!"

मोनालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "रंगलंय? माझी आई रडतेय तिथं! ठेवा ते फोन खाली!"

फोन खाली गेले. अजून वेळ होता, तिला कळत होतं. पाया पडावं, समजूत काढावी, पाणी पाजून घरी न्यावं. आई ऐकेल, कापड वाचेल. खिडकीचा एक कोपरा तेवढा गेला होता, तो पुन्हा भरता आला असता. वर्ष होतं हो तिचं त्या कापडात! आईच्या नखातून टाका निसटत होता, तरी ती सोडत नव्हती; निघालेला एकेक दोरा डाव्या तळहातावर जपून ठेवत होती.

मोनाली खाली बसली. कापडाचं दुसरं टोक मांडीवर ओढलं आणि पिशवीतून कात्री काढली.

"कात्री नको," आई मान वर न करता म्हणाली. "कात्रीनंच झालं हे. नखानं काढ."

मोनालीनं कात्री बाजूला ठेवली. बापाच्या पायाच्या अंगठ्याखाली नख घातलं आणि टाका उसवला. दोरा न तुटता अख्खा निघाला. आईनं न बघताच तळहात पुढे केला.