फेस येणारं सलाईन

मित्रांनो, मी सलाईनचा एक जुना स्टँड. तुम्ही बसून ऐका. उभं राहणं हे माझं काम आहे. माझ्या डोक्यावर दोन हूक आहेत आणि पायांना चाकं. त्यांतलं एक, कुठेही ढकललं तरी गोव्याकडेच वळतं.

कणकवलीचा एक दवाखाना बंद पडला आणि २००४ साली सत्यवानने मला मालवणला आणलं. इथेही खाटा होत्या, हिरवे पडदे होते, पांढऱ्या कोटातली माणसं होती. दारावर पाटी होती, ‘आराम वॉर्ड’. तरी मला पहिल्यापासून संशय होता. इथले रुग्ण स्वतःच्या पायांनी येत आणि बरे होऊन जाताना त्यांना दोघांनी धरावं लागे. भेटायला येणारे मोसंबी आणायचं सोडून तळलेले बांगडे मागत. शिवाय माझ्यावर टांगलेल्या सलाईनला फेस येई. हा बार आहे आणि सत्यवान त्याचा मालक, हे मला फार उशिरा कळलं. पण कौतुक खूप झालं. मुंबईकर माझ्या गळ्यात हात टाकून फोटो काढत.

महादू होडीवाला रोजचा. “दवाखान्यात जातंय,” असं घरी सांगून येई. खाटेवर पडून असा कण्हायचा, की सगळा वॉर्ड टाळ्या वाजवी.

एका संध्याकाळी नळी तोंडाला लावण्याआधीच तो कण्हू लागला. घामाने भिजला. टाळ्या पडल्या.

“महादूक बक्षीस देवक व्हया रे!” सत्यवान ओरडला.

महादूने मला घट्ट धरलं होतं. असे थंडगार हात मी कणकवलीच्या खऱ्या दवाखान्यात ओळखायला शिकलो होतो. हे नाटक नव्हतं. पण मला तोंड नाही.

तेवढ्यात त्याची बायको शेवंती आत शिरली. रोज दवाखान्यात जाणारा नवरा गाणी म्हणत कसा परततो, या संशयाने ती मागोमाग आली होती.

“खंय दुखता?” तिने विचारलं.

“खंय दुखना नाय गो. नाटाक करतंय,” महादू पुटपुटला.

सगळे हसले. शेवंती हसली नाही.

“लग्न झाल्यापासून एकदा तरी खरां बोललात? सत्यवाना, रिक्षा आन! बघत काय रवलंस?”

महादू मला सोडेना, म्हणून मीही रिक्षात. अर्धा आत, अर्धा बाहेर. सरकारी डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक आहे, वेळेत आणलंत.

महादू वाचला. मी आता त्यांच्या परसात सुकत घातलेले बांगडे सांभाळतो. गंज चढतोय, कुणी रंग दिला तर नको म्हणणार नाही. आणि मित्रांनो, घरातलं कुणी छातीवर हात ठेवून ‘मला काही झालेलं नाही’ म्हणालं, तर काडीचाही विश्वास ठेवू नका. आपल्या माणसावर एवढा संशय घ्यावाच.