चाळीस लिटरचा महिना

मित्रांनो, मी एक जुनी, लहान मोटार आहे. चार दारं बाजूला आणि पाचवं मागे, वर उघडणारं. मोजदादीच्या दिवशी त्या पाचव्या दारामागून पुढील वस्तू निघाल्या: दोन जादा चाकं, त्यांतलं एक फाटलेलं. दोन जॅक, त्यांतला एक मोडका. सलाईनच्या सात काचेच्या बाटल्या, त्यांतल्या दोन फुटलेल्या. तीन छत्र्या, एक साखळी, डाव्या पायाची एक चप्पल आणि सिमेंटची अर्धी गोणी, दगड झालेली. धाकटीने किरकोळ वस्तू दवाखान्यातल्या तान्ह्या बाळांच्या काट्यावर तोलल्या. सिमेंट तिने कडेवर घेतलं, मोठ्या काट्यावर उभी राहिली आणि नंतर स्वतःचं वजन वजा केलं. एकूण भरले एकोणसाठ किलो.

"म्हणजे एक अख्खा माणूस ताई रोज फुकट फिरवत होती," ती वहीत लिहिता लिहिता म्हणाली.

"आणि तो माणूस एकदाही उतरून धक्का मारायला आला नाही," ताई म्हणाली.

ताई म्हणजे माझी मालकीण. ती दवाखान्यात नर्स आहे. धाकटी तिची बहीण, नुकतीच पदार्थविज्ञान शिकून घरी आलेली. नोकरी मिळेपर्यंत काय करायचं हे तिला कळत नव्हतं, म्हणून तिने मला हातात घेतलं. निदान घरात सगळ्यांना तसं वाटत होतं, पण खरं कारण वेगळं होतं. ते सांगण्याआधी माझी थोडी माहिती सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. त्या दिवशी तिथून माझ्यासारख्या दोनशे जणी बाहेर पडल्या. कमी पेट्रोल पिणारी, साधी, कुणालाही परवडणारी गाडी अशी आमची जाहिरात होती. पहिली नऊ वर्षं मी एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये काढली. किती जणांनी माझ्यावर हात बसवला याची नोंद नाही, पण माझा क्लच तीनदा बदलला एवढं नक्की. शिकणाऱ्याचा हात बसला की तो निघून जातो आणि शिकवणारं यंत्र पुढच्या नवशिक्यासाठी पुन्हा उभं राहतं. तेव्हापासूनचा शीण माझ्या अंगात आहे.

ताईने मला घेतलं त्याला आता सात वर्षं झाली. दर मंगळवारी आम्ही डोंगरावरच्या वस्तीवर जातो. जाऊन येऊन एकशे चौसष्ट किलोमीटर. घाटात एकतीस वळणं. वस्तीवर एक आजोबा राहतात, मधमाश्या पाळणारे. त्यांना साखरेचा आजार आहे आणि डाव्या तळपायाला जखम झाली होती. ती दर आठवड्याला साफ करावी लागे, मेलेली कातडी कापावी लागे. ते शिकलेल्या हाताचंच काम आणि वर तसा हात कुणाचा नव्हता. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, "तीन महिन्यांत जखम भरत आली नाही, तर पाऊल काढावं लागेल."

त्या वर्षी पेट्रोलचा तुटवडा होता. सगळ्यांनाच मोजून मिळत होतं. ताईच्या गाडीला महिन्याला चाळीस लिटर, वर एक थेंब नाही. आणि मी तेव्हा लिटरला चौदा किलोमीटर देत होते. हिशेब तुम्हीच करून बघा. तीन मंगळवार जमायचे, चौथा नाही. उरलेलं थोडं गावातल्या फेऱ्यांत संपायचं. तीन आठवड्यांत आजोबांची जखम जेवढी भरायची, तेवढी चौथ्या आठवड्यात उसवायची.

धाकटीने वहीच्या शेवटच्या पानावर एक आकडा लिहिला आणि त्याभोवती चौकट काढली: सोळा पूर्णांक चार. गावातल्या फेऱ्या ताईने सायकलवर केल्या आणि मी लिटरला एवढे किलोमीटर दिले, तर चारही मंगळवार होणार होते. वहीच्या पुढच्या पानांवर ताईच्या नोंदी असत. तारीख, अंतर आणि जखमेची लांबी-रुंदी, मिलिमीटरमध्ये. त्या महिन्यातली नोंद होती अडतीस बाय चोवीस.

दोघी मला त्यांच्या मामाकडे घेऊन गेल्या. मामाचं गॅरेज आहे. तोच मला पहिल्यापासून दुरुस्त करतो.

"या प्रोफेसर," मामा म्हणाला. "काय शोध लावणार आज?"

"मायलेज वाढवायचंय. आणि ही वळणावर फार झुकते, तेही थांबवायचंय. ताईच्या बाटल्या फुटतात."

"दोन्ही एकदम? अगं, भात कमी खायचा आणि पैलवानही व्हायचं, असं कुठे असतं?"

"असतं. वळणावर नीट उभी राहिली तर ताईला ब्रेक कमी मारावा लागेल. एकदा ब्रेक मारला की तेवढ्या पेट्रोलची कमाई उष्णता होऊन हवेत जाते, मामा. मग वेग परत कमवायला नवं पेट्रोल."

मामाने डोकं खाजवलं. मग आतून चार टायर आणले. मोडीत निघालेल्या एका गाडीचे, जरा बुटके पण धडधाकट. "हे घाल. उंची कमी झाली की झुकणं कमी. तुझ्या शास्त्रात बसतंय का बघ."

शास्त्रात बसत होतं. मी बोटभर खाली आले. धाकटीने गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर मला मोजलेल्या पेट्रोलवर पळवलं, माझ्या काट्यावरचे किलोमीटर वाचले आणि भागाकार केला. सोळा पूर्णांक पाच आलं. तिने तो भागाकार तीनदा केला. मामाने माझ्या टपावर थाप मारली आणि म्हणाला, "म्हातारी निघाली कामाची." कितीतरी वर्षांत माझं कुणी असं कौतुक केलं नव्हतं. थकलेल्या जिवाला कौतुक फार लवकर खरं वाटतं.

ताईने आजोबांना सांगितलं, "आता एकही मंगळवार चुकणार नाही."

"लिहून दे," आजोबा म्हणाले. "माझ्या माश्यांना वाचून दाखवतो. त्या साक्षीदार."

तीन मंगळवार सुरळीत गेले. चौथ्या मंगळवारी आम्ही वर गेलो, जखम साफ झाली, एकवीस बाय बारा. परतताना घर छत्तीस किलोमीटरवर असताना माझं इंजिन दोनदा उचकलं आणि बंद पडलं. टाकी कोरडी. माझा पेट्रोलचा काटा फार पूर्वीच मेला होता, ताई हिशेबावरच चालायची. ती खाली उतरली, दार लावलं, पुन्हा उघडलं आणि माझ्या सीटवर बसून राहिली. दोन तासांनी दुधाच्या गाडीने आम्हाला दोरी लावून ओढत आणलं.

तेवढ्यावर भागलं असतं. पण जुन्या गाडीची टाकी तळापर्यंत सुकली की तळाचा गंज वर ओढला जातो. इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या माझ्या कार्बोरेटरमध्ये तो गच्च बसला. पुढच्या मंगळवारी मी मामाच्या गॅरेजमध्ये तुकड्यातुकड्यांनी फडक्यावर मांडलेली होते. आजोबा वस्तीच्या वळणावर, पाय धुऊन, दगडावर बसून होते. चार वाजेपर्यंत बसले, असं त्यांनीच नंतर ताईला सांगितलं. रागावून सांगितलं नाही. त्याचा ताईला जास्त त्रास झाला. त्यापुढच्या भेटीत जखम होती एकोणतीस बाय अठरा.

"माझं चुकलं," धाकटी म्हणाली. "पण कुठे चुकलं ते कळत नाहीये. ताई, तुझी वही दे."

तिने पानं उलटली. प्रत्येक मंगळवारपुढे एकशे चौसष्ट.

"हा आकडा तू किलोमीटरच्या काट्यावरून लिहिलास?"

"काट्यावरून कशाला? सात वर्षं झाली, पाठ आहे मला."

"पण काट्यावर किती होतं?"

"कोण बघतंय," ताई म्हणाली. "परत आल्यावर मला पाठ टेकायची असते."

धाकटीने मामाला शेजारी बसवलं, मला हमरस्त्यावर नेलं आणि कडेचे किलोमीटरचे दगड मोजत हळू चालवलं. दहाव्या दगडापाशी थांबली.

"दहा दगड. काटा म्हणतो दहा पूर्णांक सहा."

"दगड चुकीचे पुरले असतील," मामा म्हणाला.

"दहाच्या दहा?"

मामाने वाकून काटा स्वतः वाचला.

मित्रांनो, खोटं मीच बोलले होते, पण मला ते ठाऊक नव्हतं. माझा काटा रस्ता मोजत नाही. तो चाकाच्या फेऱ्या मोजतो आणि त्यावरून रस्ता किती झाला असेल ते सांगतो. बुटक्या चाकाला तेवढ्याच रस्त्यासाठी जास्त फेऱ्या माराव्या लागतात. मी फेऱ्या जास्त मोजल्या आणि मायलेज वाढल्याचं सगळ्यांना वाटलं. खरं मायलेज होतं साडेपंधरा, आणि तेही बहुतेक मागचं एकोणसाठ किलो ओझं उतरल्यामुळे. ताईने एकदा काट्याकडे पाहिलं असतं तर तिथे एकशे चौऱ्याहत्तर दिसलं असतं. एकीने आकडा न बघता लिहिला. दुसरीने तो बघितला, पण कशाशी ताडला नाही.

मग धाकटीने पहिल्यापासून सुरुवात केली. माझे जुने टायर परत चढवले. मला हमरस्त्यावर अर्धा तास चालवून आणलं आणि उतरून चारही चाकांच्या मध्यभागी हात लावला. तीन कोमट. मागच्या डाव्याला मात्र चटका बसून तिने हात झटकला. मामाने मला जॅकवर घेतलं. तिने प्रत्येक चाक सारख्याच जोराने फिरवून पाहिलं. बाकीची चाकं पाच-सहा फेऱ्या फिरत होती. मागचं डावं दीड फेरीत थांबलं.

"ब्रेक धरून बसलाय, मामा. हिने किती वर्षं पाय बांधून धाव घेतलीय कोण जाणे."

मामा हातातला पाना पुसत म्हणाला, "दोन वर्षं. ताईच म्हणाली होती, दवाखान्याच्या उतारावर गाडी घसरते, हँडब्रेक घट्ट कर. मी केला. जरा जास्तच केला."

"मला सांगायचंस तरी," ताई म्हणाली.

"तू म्हणालीस घसरत नाही आता. मग मी खूश."

त्यांनी तो ब्रेक सोडवला, गंज घासला. उतारासाठी ताईला लाकडाचा एक ठोकळा दिला, चाकामागे लावायला. चाकांचे धक्के झेलणारे गळके शॉकअप बदलले. पुढची दोन्ही चाकं आत वळलेली होती, ती दोरी आणि पट्टी लावून सरळ केली. मोडीतल्या गाडीची एक लोखंडी कांब पुढच्या दोन चाकांच्या आधारांना आडवी जोडली, त्यामुळे वळणावर एका बाजूला कलंडायची माझी खोड गेली. हवा दर मंगळवारी सकाळी, चाकं थंड असताना, मोजूनच भरायची असं ठरलं.

पहिल्या फेरीला धाकटी सोबत आली. टाकी उपसून तिने त्यात बरोबर दहा लिटर ओतलं आणि दोन लिटरची बाटली वेगळी ठेवली. घाटात तिने ताईचे ब्रेक मोजले. अठ्ठावन्न. घरी यायला वेगळ्या बाटलीतलं दोनशे मिलिलिटर लागलं.

"अजून थोडं कमी पडतंय," ती म्हणाली. "ते गाडीत नाहीये, ताई. तुझ्या पायात आहे."

"सात वर्षं मी हिला चालवतेय."

"सात वर्षं ही झुकत होती म्हणून तू वळणाच्या आत गेल्यावर घाबरून ब्रेक मारायचीस. आता झुकत नाही. वळण दिसलं की आधीच पाय उचल आणि मग तिला जाऊ दे."

ताईने एकदम विश्वास टाकला नाही. अठ्ठावन्नचे एकेचाळीस झाले, मग तीस, मग तेवीस. तिचा उजवा खांदा दुखायचा थांबला. आजोबांनी विचारलं, "हल्ली लवकर कशी येतेस?" ती म्हणाली, "लवकर नाही, सावकाश येते." ते त्यांना पटलं नाही.

आता मी फार दमले आहे, मित्रांनो. माझ्या दारांच्या कडा गंजल्या आहेत आणि पुढच्या वर्षी मी या रस्त्यावर असेन की नाही, सांगता येत नाही. मला चकचकीत रंग नको, गाद्यांना नवी कापडं नकोत. तुमच्या घरी एखादं जुनं यंत्र असेल, सायकल असेल, शिवणयंत्र असेल, तर कधीतरी त्याला नुसता हात लावून बघा, कुठे गरम लागतंय. जिथे गरम लागतं तिथे ते बोलत असतं. आणि त्याने एखादा आकडा सांगितला, तर तो रस्त्याच्या कडेच्या दगडाशी एकदा ताडून घ्या. आम्ही मुद्दाम खोटं बोलत नाही, पण आम्हाला आमच्या फेऱ्यांपलीकडचं दिसत नाही.

डॉक्टरांनी दिलेले तीन महिने या आठवड्यात संपले. कालच्या मंगळवारी आम्ही वर जाऊन आलो. संध्याकाळी धाकटीने माझी टाकी मापात उपसली आणि दोघी बहिणींनी वहीच्या एकाच पानावर नोंद केली.

अंतर, दगडांवरून: एकशे चौसष्ट किलोमीटर. ओतलेलं पेट्रोल: दहा लिटर. उरलेलं: तीनशे दहा मिलिलिटर. जखम: चार मिलिमीटर बाय तीन.