नॅन्सीचा खोकला

सोमवारी हातात पडलेलं स्क्रिप्ट ओल्वेन प्रॉसरने मेकअपच्या खुर्चीत बसून उघडलं आणि तिसऱ्याच पानावर तिचं बोट थांबलं. 'नॅन्सी खोकते. लक्ष देत नाही.'

मालिकेत फुकट कुणी खोकत नाही. खऱ्या जगात माणसं हिवाळाभर खोकतात आणि वसंतात ठणठणीत फिरतात. पण मालिकेत खोकला आला की समजावं, लेखकांनी शवपेटीचं माप घेतलं. ओल्वेनला हे दुसऱ्या कुणी शिकवायला नको होतं. तरुणपणी ती एका हॉस्पिटलच्या मालिकेत नर्स होती. मंगळवारच्या भागात खोकली आणि शुक्रवारच्या भागात तिच्या तोंडावर पांढरी चादर ओढली. त्यानंतर किती वर्षं नुसत्या रश्श्याच्या पुडीच्या जाहिराती आणि नाताळच्या बालनाट्यात चेटकीण! मग 'सहा आठवड्यांचं काम आहे' म्हणून ती वेल्समधल्या कार्डिफच्या या स्टुडिओत आली, मासे-बटाटे तळून विकणाऱ्या नॅन्सीचा एप्रन बांधला, तो अठ्ठावीस वर्षं सुटला नाही. ओल्वेनचा नवरा गेला, बहीण गेली, नॅन्सी राहिली. बाजारात बायका अजून दटावायच्या, "काय गं नॅन्सी, सुनेला इतकं टाकून बोलतात का?" आणि तीही नॅन्सीच्याच ठसक्यात फटकारायची. नॅन्सी गेली तर या वयात ओल्वेनला दारात कोण उभं करणार होतं?

"मायर, आज मला फिकट रंगवतेयस का गं?" तिने मेकअपवालीला विचारलं.

"रोजचंच आहे की."

"रोजचंच कसं? गाल कुठे गेले माझे?"

"गाल तुमच्याबरोबरच आलेत, आंटी ओल्वेन. आता हलू नका."

मायर हसली. जरा जास्तच गोड हसली. त्या दिवसापासून ओल्वेनला सगळाच स्टुडिओ नको तितका गोड वाटू लागला. कॅन्टीनमध्ये न मागता केकवर दुप्पट कस्टर्ड पडलं. दिग्दर्शक रॉड्री, जो एरवी वाऱ्यासारखा अंगावरून जायचा, तो तिच्यासाठी दार धरून उभा राहिला. मरणाऱ्याच्या घरी माणसं अशीच चोरपावलांनी वागतात.

आणि एमलिन पॅरी! मालिकेत तो नॅन्सीचा नवरा, ग्लिन. पडद्यावर इतकी वर्षं दोघांनी संसार केला, पडद्याबाहेर चहाच्या कपावर कुणाकुणाची सालटी काढली. हल्ली मात्र तो तिच्या खोलीकडे फिरकत नव्हता. प्रसंग चालू असताना तिच्या डोळ्यांत बघायचा नाही, कानाच्या पलीकडे कुठेतरी बघायचा. 'याला वर बोलावून सांगितलंय,' ओल्वेनने मनाशी पक्कं केलं. 'नवी बायकोसुद्धा ठरली असेल मेल्याची.'

रविवारी ती चॅपेलात प्रार्थनेला गेली. तिथले उपदेशक जुन्या वळणाचे. आधी साधं बोलायचे, बोलता बोलता आवाजाला सूर सापडायचा, सूर चढत जायचा आणि मग खाली बसलेल्यांच्या छातीतही काहीतरी घुमायला लागायचं. ओल्वेन लहानपणी बापाच्या मांडीवर बसून हे ऐकत वाढली होती. त्या सुरात तिची सगळी दुखणी विरघळायची. पण त्या रविवारी विषय निघाला तो पिकल्या पानाचा. "पान झाडाला म्हणतं का, अजून थोडं थांबू दे?" असं गात उपदेशकांनी बघितलं ते थेट ओल्वेनकडे.

'यांनाही निर्मात्यांनी फोन केला की काय!' तिच्या मनात आलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. तिने डोळे मिटले. 'देवा, न्यायचंच असेल तर मला ने. पण त्या नॅन्सीला राहू दे रे.'

गुरुवारी तो प्रसंग आला. दुकानाच्या काउंटरशी नॅन्सी आणि ग्लिन, दुकान विकायचं की नाही यावरून वाद. खोकल्याची जागा आली आणि ओल्वेनने ओठ घट्ट मिटून घेतले.

एमलिन अडखळला.

"कट! आंटी ओल्वेन, तुमचा तो खोकला..." रॉड्री म्हणाला.

"नॅन्सीची तब्येत उत्तम आहे."

पुन्हा घेतलं. ती पुन्हा खोकली नाही आणि एमलिन पुन्हा तिथेच अडकला. तिसऱ्यांदा त्याची मान लाल झाली आणि नजर तिच्या खांद्यावरून मागे धावली. या खेपेला ओल्वेन गर्रकन वळली.

तिच्या पाठीमागे फ्लोअर मॅनेजर भलामोठा फलक धरून उभा होता. त्यावर ठळक अक्षरांत एमलिनची वाक्यं होती.

रॉड्रीने सगळ्यांना चहाला पिटाळलं.

"कधीपासून?" ओल्वेनने विचारलं.

"उन्हाळ्यापासून. सकाळी सगळं पाठ असतं. इथे उभा राहिलो की पुसून जातं."

"आणि माझा खोकला?"

"तू खोकलीस की कॅमेरा तुझ्यावर येतो. तेवढ्यात मी पुढचं वाचून घेतो. रॉड्रीची युक्ती."

नॅन्सी मरत नव्हती! ओल्वेनच्या उरात आनंदाची लाट उसळली आणि समोरचा चेहरा बघून जागच्या जागी विरली.

"मी दहा दिवस स्वतःची तिरडी बांधतेय, एमलिन! आणि ते दुप्पट कस्टर्ड?"

"मीच सांगितलं कॅन्टीनवालीला. तुला उगाच खोकायला लावतोय म्हणून मन खात होतं."

"कस्टर्डवालीला सांगितलंस. मलाच तेवढं नाही!"

"तू सांभाळून घेतलं असतंस."

"मग?"

"तेच नको होतं गं. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागलेत. तू एकटी अजून भांडतेस."

ओल्वेनने एप्रनला नाक पुसलं, मायरच्या तासाभराच्या मेहनतीची वाट लावली आणि चहा घेऊन येणाऱ्या रॉड्रीला गाठलं. "तो फलक हलव तिथून."

"पण एमलिनची वाक्यं..."

"अरे, अठ्ठावीस वर्षांत नॅन्सीने ग्लिनला एक तरी वाक्य पुरं करू दिलंय का?"

प्रसंग पुन्हा सुरू झाला. एमलिन थांबला, आणि ती कमरेवर हात ठेवून पुढे सरसावली. "कळलं मला! तू म्हणणार, दुकान विकायचं नाही. म्हणणार ना?"

"नाही विकायचं."

"आणि म्हणणार, हे दुकान तुझ्या बापाने उभं केलं. शंभरदा ऐकलंय!"

"बापानेच केलं. तुझ्या नाही, माझ्या." हे कुठे लिहिलेलं नव्हतं. एमलिन आता तिच्या डोळ्यांत बघत होता. "मला जरा बोलू देशील का गं बाई?"

"बोल की मग! तोंड धरलंय का कुणी तुझं?" ओल्वेन कडाडली, अगदी शेजारच्या सेटवर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.