जगात पुरावा नाही

आमच्या रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टरांना पाठीमागे सगळे 'सर्वज्ञ' म्हणत. तोंडावर म्हणायची सोय नव्हती. त्यांनी ते कौतुकच समजलं असतं.

एका सोमवारी सर्वज्ञांनी पाच पानी अहवाल वाटला. घरी सोडलेल्या म्हाताऱ्या रुग्णांना भेटून येणारं पथक बंद करावं, कारण अशा भेटींचा उपयोग होतो याला जगात पुरावा नाही. त्या पथकाची प्रमुख म्हणजे माझी पुतणी. बैठक त्याच दुपारी तीनला होती. सकाळी दहाला ती ग्रंथालयात, माझ्या टेबलाशी उभी.

"काका, जगात पुरावा नाही म्हणे!"

"जग कुठं कुठं पाहिलं त्यांनी?"

तिनं शेवटचं पान उलटलं. लेख शोधायच्या एका वैद्यकीय डेटाबेसचं नाव आणि खाली, 'निकाल : दोन'.

तो डेटाबेस वाईट नाही. आजार, औषधं, शस्त्रक्रिया यांच्यासाठी उत्तमच. पण म्हातारी एकटी राहते का, तिला गोळ्या कोण देतं, न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, यावर लिहितात ते परिचारिका आणि समाजसेवक. त्यांचे बरेचसे लेख नर्सिंगच्या आणि समाजकार्याच्या डेटाबेसमध्ये सापडतात. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना मी हे पहिल्याच तासाला सांगतो. त्यांना कळतं.

"आणि हे बघ," मी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. "'फक्त पूर्ण लेख लगेच मिळणारे' या चौकटीत खूण करून ठेवलीय."

ती खूण काढून त्यांचाच शोध पुन्हा चालवला. दोनाचे एकेचाळीस झाले.

"म्हणजे आयतं ताटात पडलं तेवढंच जग?"

"वाढून घ्यायलाही हात हलवावा लागतो, बाई."

मग आम्ही उरलेले दोन डेटाबेस उघडले. ती सारांश वाचत गेली, मी नोंदी करत गेलो. अडीचपर्यंत भरवशाचे अकरा अभ्यास हाती आले. सात भेटींच्या बाजूचे, चार म्हणत होते फारसा फरक पडत नाही. ते चार तिनं हळूच बाजूला सारले.

"तेही ने. नाहीतर त्यांच्यात आणि तुझ्यात फरक काय?"

तिनं तोंड वाकडं केलं, पण नेले.

बैठकीत पुतणीची यादी पाहून सर्वज्ञ हसले. "घरोघर फिरणाऱ्या बायकांचे लेख! याला विज्ञान म्हणायचं?"

अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. "ते नंतर ठरवू. या दोन डेटाबेसमध्ये तुम्ही पाहिलंत का?"

"गरज वाटली नाही."

"मग 'जगात नाही' असं कशाच्या जोरावर लिहिलंत?"

सर्वज्ञांनी पाणी प्यायलं. ग्लास रिकामा झाला तरी ते पीतच होते. अहवाल परत गेला. महिनाभरात नव्यानं शोधून आणायचा, तोवर पथक चालू.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ग्रंथालयाच्या दारात आले. आत नाही, दारातच. "तो शोध तेवढा करून ठेवा. मी सही करीन."

पुतणी माझ्याकडे कालची यादी परत द्यायला आली होती. तिनं खुर्ची पुढे ओढली. "बसा ना, सर. तासाभरात येईल तुम्हाला. मी शिकवते."

"मला तेवढा वेळ नाही."

"मग अहवालावर नाव शोधणाऱ्याचंच घालू."

ते काहीतरी पुटपुटत निघून गेले. पुतणीनं पिशवी खांद्याला लावली. अकराच्या आत तिला तीन म्हाताऱ्यांकडे जायचं होतं, आणि पहिली चौथ्या मजल्यावर राहत होती.