जमुना स्टोअर्समधला शेवटचा बस्ता

अकोल्यात जठारपेठेत आमचं तीन मजली दुकान हाय, जमुना स्टोअर्स. पाटीवर नाव माह्यं, पन उभं केलं ते मालकानं, नत्थुजीनं. म्हातारपनी नवऱ्याचं नाव घेते बाप्पा, काय होते! आधी खाली लुगडे, मंग वर भांडे, मंग त्याच्याबी वर पोराइचे खेळने. लग्नाचा बस्ता घ्याले पार वरूडपासून लोक येत. बस्ता म्हंजे साऱ्या गोताचे कपडे एकाच बैठकीत. नवरीचा शालू पहिले, अन तो हेच उलगडून दाखवत. दुसऱ्या कोनाले हात लावू देत नव्हते.

यंदा आमच्या पोरानं, श्यामनं, दुकान विकाचं ठरवलं. मॉलाइपुढं कोन टिकते, म्हने. ह्यायच्या तोंडाची चवच गेली. एकच मागनं मागतलं, की नातीचा, रागिनीचा, बस्ता आपल्या दुकानातून होऊ दे, मंग खुशाल कुलूप लाव. श्याम हो म्हने.

बस्त्याच्या दिवशी हे सकाऊनच गादीवर जाऊन बसले. पांढरी चादर अंथरली, चहावाल्याले सांगून ठेवलं, शालू काढून ठेवले. मीही हौसेनं गेले होते. दुपारी श्यामचा फोन आला. सारे जन बस्ता घ्याले नागपूरले पोचले होते. अमरावतीचे व्याही म्हने, बंद होनाऱ्या दुकानातला शालू नवरीच्या अंगावर नको, अपशकून होते. श्यामनं मान डोलावली, अन रागिनीले घेऊन त्यायच्या संग गेला. मले असा संताप आला! माह्यं नाव लिवलं हाय त्या पाटीवर, मंग मी अपशकुनी काय? पन पोरीच्या संसारापुढं तोंड उघडता येते काय कोनाले?

ह्यायले मीच सांगितलं. वाटलं, आता श्यामचा चांगला उद्धार करतील. पन त्यायनं सारे शालू घडी घालून कपाटात ठेवले. चहा नको म्हून चहावाल्याले निरोप धाडला. मंग माह्याजवळ येऊन बसले.

"मंग म्या मांडवात यावं का नाही?"

काऊन नाही, आजा हाय तुमी तिचे, असं म्हनाचं होतं मले. पन व्याह्यायचं तोंड आठवलं, अन मले लगेच हो म्हनता आलं नाही. हे माह्याकडं पाहून राहिले होते. मी पदर तोंडाले लावला अन ढसाढसा रडले.