अक्रोड फोडायचा तोफगोळा

घड्याळजीची बायको घर सोडून बहिणीकडे गेली. अंगावरच्या कपड्यांनिशी, पायात दोन वेगवेगळ्या चपला. पण ते जाऊ दे. तसं काही झालंच नाही असं धरून चालू, कारण त्या सकाळपर्यंत दोघांचं बरं चाललं होतं.

घड्याळजीला युद्धातल्या तोफांचं सामान जमवायचा नाद. घरामागच्या टेकडीवर साठ वर्षांपूर्वी दोन सैन्यांनी महिनाभर एकमेकांवर गोळे टाकले होते. सुट्टीच्या दिवशी हा पिशवी आणि खुरपं घेऊन तिथे जाई आणि गंजलेलं काहीबाही उचलून आणी. पितळी पुंगळ्या, छर्रे, गोळ्यांची टोकं. एकूण बाहत्तर नग. आधी कपाटं भरली, मग पलंगाखालची जागा भरली, मग बायकोच्या कपाळावर आठ्या भरल्या. "सगळं रिकामं आहे, तुझी शपथ," असं तो दर नगामागे एकदा म्हणे. म्हणजे बिचारीची बाहत्तर वेळा शपथ घेऊन झाली होती.

एका गोळ्याशी मात्र तिचं जमलं. वीतभर उंच, बुडाला सपाट, हाताला वजनदार. अकरा वर्षं ती त्याने अक्रोड फोडत होती.

त्या गोळ्याच्या टोकाला आकडे कोरलेली चकती होती. त्या सकाळच्या आठवडाभर आधी घड्याळजीने तो सहज कानाशी हलवला, तर आत काहीतरी बारीक खुळखुळलं. चाक! आत चक्क घड्याळ होतं. आता बंद घड्याळ समोर असताना ज्याच्या घशाखाली घास उतरतो, असा घड्याळजी अजून जन्माला यायचाय. त्याने भिंग लावलं, तीन दिवस बसून मळ काढला, तेलाचा थेंब सोडला आणि गोळा गुपचूप जागेवर ठेवला.

"अहो," सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, "हा टिकटिक करतोय."

"कोण?"

"गोळा!"

घड्याळजीचा चेहरा आधी खुलला. हे तिने डोळ्यांनी पाहिलं. "चालू झालं!" तो म्हणाला. मग हे घड्याळ कशासाठी केलेलं असतं ते त्याला आठवलं. तिने त्याला दंडाला धरून ओढलं, दारातल्या हाताला लागतील त्या चपला पायात सरकवल्या, आणि दोघं रस्त्यावर आली.

काहीच झालं नाही.

तासाभरात बॉम्ब निकामी करणारा अधिकारी आला. गल्ली रिकामी झाली. दुपार उलटल्यावर तो बाहेर आला, तेव्हा त्याचा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता.

"गच्च भरलेला होता," तो म्हणाला. "सोबत अक्रोडाची टरफलं कसली?"

"मी फोडते. त्याने."

"किती दिवस?"

"अकरा वर्षं."

अधिकारी फुटपाथवर बसला. त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. "ताई," तो म्हणाला, "आतल्या घड्याळात माती गच्च बसली होती, तिने तुम्हाला वाचवलं. ती कुणीतरी साफ केलीय. फार सुबक काम. आज एका चाकाच्या दातात वाळूचा कण राहिला होता, तेवढ्यावर निभावलं."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं.

"कण राहिला?" घड्याळजी म्हणाला. "कुठल्या चाकात?"

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. अधिकाऱ्याशी बोलली. "बाकीचे एकाहत्तर?"

"नेतोय आम्ही. रिकामे वाटतात."

"वाटतात! आणि घराखाली? अंगणात? अजून काही नाही असं लिहून द्या."

"आहे त्याचा दाखला देता येतो, ताई. नाही त्याचा देत नाहीत."

"मग ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी येईन," ती म्हणाली, आणि तशीच स्टँडकडे चालू लागली.

घड्याळजी आठवडाभर सगळी कार्यालयं हिंडला. मग त्याला वाटलं, मुळात ज्यांनी टेकडीवर गोळे टाकले त्यांनाच विचारावं. त्यांचं राज्य चाळीस वर्षांपूर्वी नकाशावरून पुसलं गेलं होतं, तरी त्याने स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला:

"प्रति, तोफखाना प्रमुख. विषय: न फुटलेल्या गोळ्यांची संख्या कळवणेबाबत. महोदय, साठ वर्षांपूर्वीच्या युद्धाच्या महिन्यात आपण आमच्या टेकडीच्या दिशेने एकूण किती गोळे डागले, पैकी किती फुटले व उरलेले नेमके कोठे पडले, याचा सही-शिक्क्यानिशी दाखला मिळावा. एक आमच्याकडे होता, तो वजा करावा. अर्जदाराची पत्नी परत येणे सदर दाखल्यावर अवलंबून असल्याने उत्तर उलट टपाली पाठवावे, ही नम्र विनंती."